तुंबडीने उतरवलेला आकडा

हाउकिवारा, ११ ऑक्टोबर २००४

यार्नोच्या पाठीवरच्या चिरा तुझ्या हातच्या आहेत, हे सांगायला मला पोलीस बोलवावा लागत नाही. तुंबडीच्या शिंगाच्या एकेका वर्तुळात तीन-तीन चिरा, मधली जरा लांब, आणि सगळ्या डावीकडे कललेल्या. आईच्या चिरा सरळ यायच्या. तू डावखुरी, तुझ्या कलतात. शनिवारी तो सौनाच्या वाफेतून निघून, कमरेला पंचा गुंडाळून पायरीवर वारा खात बसला होता. मी ताकाचा पेला घेऊन मागून गेले ती तशीच उभी राहिले. पाठ होती की खवणी? जुन्या खुणा पुसल्या नाहीत तोवर त्यांच्यावर नव्या.

मी विचारलं, “हे काय रे?”

“काही नाही गं आजी. डास चावले.”

“ऑक्टोबरच्या थंडीत डास? आणि ते रांगेत बसून चावतात?”

मग म्हणतो, “सायमीआजीला काही बोलू नकोस, मीच तिला सांगितलं होतं.” मी तुझं नावसुद्धा घेतलं नव्हतं. लबाडी करायची तर नीट तरी करावी, तेही या पोराला जमत नाही. पोर म्हणते, अठ्ठावीस वर्षांचा घोडा आहे.

आता नमस्कार. नमस्कार, सायमी. एमेलीला पुरून आलो त्या दिवशी, माझ्या घरात बसून, माझ्या हातचा वेलचीचा पाव कॉफीत बुडवत तू अख्ख्या गावासमोर म्हणालीस, “वेळेवर माझ्याकडे येऊन तुंबड्या लावून घेतल्या असत्या, तर आज एमेलीही पाव खात बसला असता.” माझ्या नवऱ्यावर टाकलेली माती अजून दबली नव्हती. तेव्हापासून आपण बोललो नाही आणि मला त्यावाचून काही अडलं नाही. तळ्याच्या या काठाला मी, त्या काठाला तू, मध्ये पाणी. मला ते झकास चाललं होतं.

पण धूर दिसतो, बाई. सगळं जग बुधवारी आणि शनिवारी सौना तापवतं. तुझ्या सौनातून दर पंधरा दिवसांनी गुरुवारी धूर निघतो. मला वाटायचं, धाकट्या बहिणीचे गुडघे दुखत असतील, घेत असेल शेक. आणि गुरुवारीच यार्नो उशिरा यायचा. “आजी, गिरणीवर लाकडं उतरवायला रांग होती.” आता कळलं रांग कसली होती.

तुला माहीत नाही असं नाही, तरी लिहिते. माझी लेक पिर्को स्वीडनला गेली ती गेलीच, पोरगं माझ्याकडे टाकून. आठ वर्षांचा असताना त्याला साखरेचा आजार लागला. तेव्हापासून तो स्वतः टोचायला शिकेपर्यंत त्याच्या मांडीत सुई मी खुपसली. तो ओरडायचा आणि मी खुपसायची. मला त्याचं कुणी कौतुक केलं नाही आणि मला ते नकोही होतं. पण जी कातडी मी इतकी जपली, तिच्यावर तू चाकू चालवतेस आणि मला सांगतही नाहीस?

साखर असलेल्या माणसाची जखम लवकर भरत नाही, हे तुला आईने शिकवलं नव्हतं? तिने शिकवलं होतं. मी तिथेच बसले होते.

बंद कर. एवढंच.

लिली


हाउकिवारा, २ नोव्हेंबर २००४

तीन ओळींचं उत्तर पाठवलंस आणि त्यातली एक ओळ मला डिवचायला खर्च केलीस. “त्याचा रक्ताचा आकडा साडेदहावरून साडेसातवर आला. तुला इतक्या वर्षांत सुया टोचून जे जमलं नाही, ते माझ्या शिंगांनी जमलं.”

वाचून मी पत्र चुलीत घातलं. मग पुन्हा वाचायचं होतं म्हणून चिमट्याने बाहेर काढलं. कोपरा जळलाय, पण तुझी मिजास शाबूत आहे.

मी यार्नोला समोर बसवला. जेवण झाल्याशिवाय मी त्याला प्रश्न विचारत नाही, रिकाम्या पोटी तो चिडतो. त्याचं म्हणणं ऐक. ओंडके भरलेला ट्रक घेऊन उतारावरून येताना एकदा त्याची साखर खाली गेली. हातपाय थरथरायला लागले, रस्ता दोन दिसायला लागला. कसाबसा ट्रक कडेला घेतला आणि साखरेचे खडे तोंडात कोंबत बसला. तेव्हापासून त्याच्या मनात भीती बसली. म्हणून तो मुद्दाम इन्सुलिन कमी घेतो. साखर चढती ठेवतो, म्हणजे स्टिअरिंगवर घेरी यायला नको. पण साखर चढती ठेवली की तो तीन महिन्यांचा आकडा चढतो, आणि आकडा चढला की डॉक्टरीण ट्रक चालवायचा कागद देत नाही. तो कागद दरवर्षी लागतो. ट्रकशिवाय यार्नोला दुसरं काही येत नाही, आणि आमच्या या काइनूत दुसरं काही आहे तरी काय?

“मग सायमीआजी म्हणाली, वाईट रक्त काढलं की चांगलं येतं. काढलं. आकडा उतरला. कागद मिळाला. तुला काय त्रास आहे गं?”

“साखर उतरली का?”

“आकडा उतरला ना!”

“मी आकडा नाही विचारला. बोट टोचून तू रोज बघतोस ती साखर. ती उतरली का?”

तर उठून गेला आणि लाकडं फोडत बसला. लाकडं आधीच फोडलेली होती.

माझी रक्तदाबाची तपासणी होती, म्हणून काल मी आरोग्य केंद्रात गेले. तिथे ती नवी डॉक्टरीण आहे, केस मुलांसारखे कापलेली. मी नुसतं असंच विचारलं. कुणाचं नाव घेतलं नाही. म्हटलं, “समजा एखाद्याच्या अंगातून दर पंधरवड्याला रक्त काढलं, तर तो साखरेचा आकडा उतरेल का?”

तिने चष्मा काढला. म्हणाली, “आजी, उतरेल. पण खोटा उतरेल.”

तिने मला असं सांगितलं. रक्त लाल दिसतं ते त्यातल्या एका पदार्थामुळे, त्याला हिमोग्लोबिन म्हणतात. रक्तात साखर जास्त असली की ती त्याला चिकटते आणि मग सुटत नाही. रक्ताच्या लाल पेशी तीन-चार महिने जगतात, तेवढे दिवस साखर चिकटत राहते. आकडा म्हणजे त्यातल्या किती जणांना साखर चिकटली, ते. आता तू जुन्या पेशी काढून टाकल्यास तर शरीर घाईघाईने नव्या बनवतं. त्या नव्या पेशींना साखरेत भिजायला वेळच मिळालेला नसतो. मग आकडा कमी येणारच.

तुला हे असं कळणार नाही, म्हणून तुझ्या भाषेत सांगते. मिठाच्या पाण्याचं पिंप आहे, त्यात मासे मुरताहेत. तू येऊन मुरलेले मासे उचलून टाकतेस आणि पिंपात सकाळी पकडलेले ताजे मासे सोडतेस. संध्याकाळी त्यातला एक चाखून म्हणतेस, “बघा, पिंपातलं मीठ मी कमी केलं!” अगं, मीठ तेवढंच आहे. मासा नवा आहे. एवढंच तू केलंस, आणि त्यावर मला वर तोंड करून लिहितेस.

आणखी ऐक. मला वाटलं होतं, आकडा म्हणजे नुसता निरोप्या. खोटा निरोप आणला तर आणला. पण डॉक्टरीण म्हणाली तसंही नाही.

“साखर चिकटलेल्या हिमोग्लोबिनचा घाट बिघडतो, आजी. त्याच्या पोटात लोखंड असतं. चांगलं हिमोग्लोबिन ते घट्ट धरून ठेवतं. साखर चिकटली की पकड सैल होते आणि लोखंड सुटतं.”

मी म्हटलं, “सुटलं तर सुटलं. जाऊन जाऊन जाणार कुठे?”

“तेच तर. मोकळं लोखंड गप्प बसत नाही. रक्तातला थोडा प्राणवायू बिघडून तिखट झालेला असतो, साखर चिकटली की तो जास्तच बिघडतो. हे लोखंड त्यात ठिणगी टाकतं. मग पेशींच्या पातळ पडद्यातली चरबी खवट होते. बारीक रक्तवाहिन्या झिजतात, गळायला लागतात. डोळ्याच्या मागच्या वाहिन्या तर केसाहून बारीक.”

“म्हणजे गंज.”

“गंजासारखंच. फक्त हे सगळं काचेच्या नळ्यांत पाहिलेलं आहे. माणसाच्या डोळ्यात किती नुकसान या लोखंडाने होतं आणि किती दुसऱ्या वाटांनी, ते अजून नक्की कुणाला सांगता येत नाही.”

मला ती बाई तिथे आवडली. जे माहीत नाही ते माहीत नाही म्हणाली. तुझ्या तोंडून ते शब्द मी तू बोलायला लागल्यापासून ऐकले नाहीत.

तेव्हा हा निरोप्याच घराला आग लावतो आहे. आणि तुझं हे पिंपातले मासे बदलणं चालू असल्यामुळे घरात कुणाला धूर दिसत नाही. यार्नोच्या डोळ्यांत गंज धरतोय आणि कागदावर लिहिलंय, ठीक आहे.

तुझ्या धुरावर माझं लक्ष आहे.

लिली


हाउकिवारा, ९ डिसेंबर २००४

पत्र उशिरा मिळालं, कारण फाट्यावरच्या पत्रपेट्या कुणीतरी उडवल्या. सगळ्यांच्या एका फळीवर ठोकलेल्या होत्या, फळीसकट बर्फात गेल्या. तुझं पत्र शेजारच्या ताइस्तोच्या पेटीत निघालं. कुणी उडवल्या, ते शेवटी लिहिते. आधी तुझ्या शहाणपणाचा समाचार घेते.

तू लिहितेस, “तुझी डॉक्टरीणच म्हणते ना की लोखंड सुटतं आणि त्याने गंज धरतो? मग मी तेच लोखंड बाहेर काढते आहे. तिने माझे पाय धरायला हवेत.”

वाचून मी खाली बसले. रागाने नाही, लिहिलं होतंस ते डोक्यात बसलं म्हणून. लहानपणापासून तू अशीच. फिरत्या शाळेचे मास्तर दोन हिवाळे आले, आपण एकाच बाकावर बसलो, मला बेरीज यायची आणि तुला उत्तर यायचं. कुठून यायचं कुणास ठाऊक. रात्रभर मी त्यावर कूस बदलली. म्हटलं, मेली खरं बोलत असेल तर?

मग पुन्हा गेले डॉक्टरणीकडे. या खेपेला रक्तदाब खरंच चढला होता, तो तुझ्या पत्रानेच. तिला तुझं म्हणणं सांगितलं. ती हसली नाही, विचार करून बोलली. म्हणाली, रक्त काढलं की अंगातलं लोखंड कमी होतं हे खरं. पण साखर तशीच आहे ना? मग नव्या पेशी येतील त्यांनाही ती चिकटणार, त्यांचंही लोखंड सुटणार. भोक पडलेल्या होडीतून पाणी उपसायचं आणि भोक बुजवायचं नाही, असला उद्योग. आणि या उपशाने इतकंच साधतं की भोक आहे हे कुणाला कळतच नाही.

मग तिने विचारलं, “इतकं रक्त गेल्यावर माणसाला थकवा येत असेल. तो काही घेतो का?”

मी घरी येऊन यार्नोचं कपाट उघडलं. मोजे, मोज्यांखाली डबी, डबीत गोळ्या. कसल्या? लोखंडाच्या! तू दिलेल्या. “सायमीआजी म्हणते रक्त भरून यायला हव्यात.” आणि गुरुवारी तुंबड्या झाल्या की तू त्याला रक्ताची धिरडी करून वाढतेस म्हणे, वर रानातल्या लाल बेरींचा मुरंबा थापून. बाई गं! डाव्या हाताने लोखंड काढतेस, उजव्या हाताने लोखंड भरतेस आणि वरून साखर ओततेस. आणि डॉक्टरणीने तुझे पाय धरायचे?

हो, मुरंबा. तो तुझ्याकडे मुरंबा खातो हे मला धिरड्यांपेक्षा जास्त लागलं. माझ्याकडे तो वीस वर्षं बेरी नुसत्या खातो आहे. आंबट तोंड करून, पण खातो.

आता पत्रपेट्या. त्या यार्नोने उडवल्या. दुपारी तीनला, ट्रकने. ताइस्तो येऊन म्हणाला, “लिली, तुझा नातू प्यायला का?” मी म्हटलं, तो पीत नाही. यार्नोला विचारलं तर म्हणतो, “सूर्य डोळ्यांवर आला.”

सूर्य! डिसेंबरात! दुपारी तीनला काइनूत सूर्य बघितलेला माणूस असेल तर मला दाखव, मी त्याला कॉफी पाजते.

त्याला कडेचं दिसत नाही, सायमी. संधिप्रकाशात त्याला कडेचं दिसत नाही. परवा लोणी घ्यायला हात पुढे केला तो दुधात बुडवला. मी बघितलं नाही असं दाखवलं. आणि तू लिहितेस, “पोराची तब्येत उत्तम, गालांवर रंग आलाय.” रंग आलाय तो सौनाच्या वाफेचा.

तुझ्याकडे म्हणे आता साखरेची आणखी माणसं येतात. चर्चच्या शिवणवर्गात तूच सांगत सुटलीस, की तुंबडीने साखर जाते, आकड्यासकट पुरावा आहे. त्यांच्या नातवंडांनाही पत्रपेट्या दिसायला हव्यात की नको?

नाताळला येऊ नकोस. म्हणजे, तू येतच नाहीस, पण या वर्षी मुद्दाम येऊ नकोस.

लिली


हाउकिवारा, २० जानेवारी २००५

तो तुझ्याकडे आहे हे मला ठाऊक आहे. स्कीच्या खुणा माझ्या धक्क्यावरून सरळ तळ्यावर गेल्यात आणि तुझ्या काठाला चढल्यात. आंधळ्यालाही दिसेल. हा शब्द मी मुद्दाम वापरला.

त्याने तुला सांगितलं असेल की मी त्याचे बूट बर्फात फेकले. फेकले. दोन्ही. आधी तो मला काय म्हणाला, ते सांगितलं नसेल. म्हणाला, “तू माझी आजी नाहीस, तू आरोग्य केंद्राची राखणीची कुत्री आहेस.” त्यावर मी बूट फेकले. कुत्री म्हटल्याचा राग नव्हता, कुत्री उपयोगाची असते. “माझी आजी नाहीस” म्हणाला, त्याचा होता.

आता तुला खरं लिहिते, कारण तो तिथे बसून तुला अर्धंच सांगणार. नोव्हेंबरात मी डॉक्टरणीला नाव सांगितलं नव्हतं. पण डिसेंबरात सांगितलं. नाव सांगितलं, पाठीवरच्या चिरा सांगितल्या, गुरुवार सांगितला, गोळ्यांची डबी पिशवीतून काढून तिच्या टेबलावर ठेवली. पत्रपेट्यासुद्धा सांगितल्या. ती म्हणाली, “आजी, त्याच्याबद्दल मी तुम्हाला काही सांगू शकत नाही.” मी म्हटलं, “तुम्ही सांगू नका. तुम्ही ऐका.”

तिने त्याला बोलावून दुसरी तपासणी केली. लाल पेशींची नव्हे, रक्तातल्या पाण्यात जी प्रथिनं असतात त्यांना चिकटलेल्या साखरेची. तिथे तुझ्या तुंबडीची मात्रा चालत नाही. गेल्या दोन-तीन आठवड्यांचं सगळं त्यात उघडं पडलं. साखर आभाळाला टेकलेली. मग डोळ्यांचा फोटो काढला. मग कागद काढून घेतला. ट्रकची चावी त्याला मालकाच्या टेबलावर ठेवून यावी लागली. हे मला तिने नाही सांगितलं, त्यानेच सांगितलं, दारात उभा राहून, ओरडत.

“कुणी सांगितलं तिला? कुणी?”

मी म्हणू शकले असते, ताइस्तोने. तो बहिरा आहे, त्याच्यावर काहीही खपतं. मी म्हटलं, “मी.”

“माझा ट्रक गेला, आजी!”

“ट्रक लोखंडाचा आहे. दुसरा मिळेल.”

“कागदच नाही तर दुसरा कुठला?”

बरोबर होतं त्याचं. त्याला परत ट्रक मिळेल की नाही मला माहीत नाही. मी माझ्या नातवाची रोजीरोटी काढून घेतली आणि पुन्हा तशीच वेळ आली तर पुन्हा काढून घेईन. तो माझ्याशी जन्मभर बोलला नाही तरी चालेल. पण ज्या डोळ्यांनी माझ्याकडे रागाने बघायचं, ते डोळे जागेवर पाहिजेत.

डोळ्यांच्या मागच्या वाहिन्या गळताहेत, शहरातल्या मोठ्या इस्पितळात त्यांना प्रकाशाचे चटके देऊन बंद करतात. त्याला तारीख दिली होती. तो गेला नाही. त्या दिवशी तो तुझ्या स्वयंपाकघरात पत्ते खेळत बसला होता. मी इकडून तुमचा दिवा बघत होते.

सायमी, तुझं तो ऐकतो. माझं तो नाही ऐकत, कारण मी त्याला टोचलं आणि तू त्याला मुरंबा दिलास. मी हे भांडायला लिहीत नाही. तू त्याला इस्पितळात धाड. घे तुझे शब्द परत. सांग त्याला, की तो आकडा तुझ्या शिंगांनी उतरवला होता, साखर उतरवली नव्हती. तू म्हणालीस तरच त्याला पटेल.

लिली


हाउकिवारा, ६ मार्च २००५

चिमणी!

तुझं पत्र काल आलं. वाचून मी टेबलावर इतक्या जोरात हात आपटला की कॉफीचा कप फुटला. एमेलीचा.

तू लिहितेस, यार्नो खिडकीपाशी बसून म्हणाला, “सायमीआजी, घरात काजळी पडतेय, तुझी चिमणी साफ करायला झाली.” आणि तू, त्र्याहत्तर वर्षांची बाई, शिडी लावून छपरावर चढलीस आणि मार्चच्या बर्फात चिमणी घासून आलीस. दुसऱ्या दिवशी तो म्हणाला, “अजून पडतेय, काळे धागे आहेत, मी मान वळवली की तेही वळतात.” तेव्हा तुझ्या डोक्यात उजेड पडला.

काजळी चिमणीत नव्हती, सायमी. त्याच्या डोळ्यात रक्त उतरलंय. मी डॉक्टरणीला फोन केला, तिला तुझं पत्र जसंच्या तसं वाचून दाखवलं. चिमणीचं तिने दोनदा वाचायला लावलं. मग म्हणाली, डाव्या डोळ्याचं काय होईल सांगता येत नाही, कधी रक्त विरतं, कधी विरत नाही, उजव्याला अजून वेळ आहे, पण थोडा. बुधवारी सकाळी इस्पितळात जागा करून ठेवली आहे. तो आला तर. त्याला उचलून नेण्याचा हक्क तिला नाही, मला नाही, कुणालाच नाही. तो मोठा माणूस आहे म्हणे. मोठा माणूस! काजळी झाडायला म्हातारीला छपरावर पाठवतो.

तू लिहितेस, तू शिंगं माळ्यावर टाकलीस आणि शिवणवर्गात उभी राहून सगळ्यांना सांगितलंस, की साखरेच्या माणसांनी तुझ्याकडे येऊ नये, तुझं चुकलं. हे मला शिवणवर्गातल्या बाईकडूनही कळलं, म्हणून खरं धरते. म्हणाली, सायमीचा आवाज कापत होता. कापू दे. सांगितलंस ना, तेवढं पुरे.

शिंगं फेकू नकोस मात्र. ती आईची आहेत. माणसांचे खांदे दुखतात, रक्तात साखर नसलेल्या माणसांचेही. कुणाचा तरी उजवा खांदा या हिवाळ्यात केस विंचरू देत नाही. कोण ते तुला काय करायचंय.

तू असंही लिहितेस, “यार्नो म्हणतो, आजीला कळव की मी ठीक आहे, जाईन सावकाश.” हे वाक्य मी ओळखते. हे लहानपणचं वाक्य आहे, सुई लपवल्यावरचं. तुझ्या अक्षरात लिहून आलं म्हणून ते खरं होत नाही. आणि तू त्याच्या वतीने लिहीत राहिलीस, तर त्याला कधी कळणारही नाही की आता कागदावरची ओळ त्याला किती दिसते. त्याला ते कळायला हवं. माझ्या ओरडण्याने नाही, तुझ्या मुरंब्याने नाही. पेन हातात धरून, कागदाकडे बघून.

तळ्यावरचा बर्फ अजून पक्का आहे, ताइस्तोने भोक पाडून बघितलाय. मंगळवारी सकाळी तो स्नोमोबाइल घेऊन तुझ्या काठाला येईल. त्याआधी हे पत्र पोचेल. आत्ता त्याच्याच हाती देते आहे, टपालावर सोडत नाही. उत्तरही मंगळवारी त्याच्याबरोबरच यायला हवं, तो तुझी कॉफी पिईल तेवढा वेळ थांबेल.

यार्नोपुढे कोरा कागद ठेव. खिडकीपाशी बसव, उजेडात. डावा डोळा झाकून लिही म्हण, मग उजवा झाकून लिही म्हण. काय लिहायचं ते त्याचं त्याने ठरवावं. शिव्या लिहिल्या तरी चालतील, मला येत नाही अशी शिवी त्याला येत नाही. ओळी एकमेकींवर चढल्या तरी चालेल. अर्धं पान कोरं राहिलं तरी मला वाचता येईल. मग तो कागद त्याच्या खिशात घाल, त्याला मागच्या सीटवर बसव आणि ताइस्तोबरोबर इकडे पाठव. इथून पुढे मी असेनच, इस्पितळापर्यंत.

तू नाही लिहायचं, सायमी. एक अक्षरही नाही. तुझ्या डावखुऱ्या अक्षराचा लिफाफा आला, तर या खेपेला चिमट्याने बाहेर काढणार नाही. उत्तर यार्नोने द्यायचं. स्वतः.

लिली